शालू आर्वीला गेला

“आई, ॲप बनवल्याशिवाय असलं काही चालतच नाई,” गुंजननं पुन्हा तेच सांगितलं. ती सावंगीच्या होस्टेलवरून सुट्टीला आली होती.

“मले ॲप नाई येत. मले साडी नेसता येते,” सुलोचना म्हणाली.

“अन् म्हणून लग्नातला शालू भाड्यानं द्यायले निघाली?” कैलासनं बायकोकडे पाहत ताट सरकवलं.

“काऊन, तुमाले नेसाचा हाय का?”

आंजीतल्या त्या घरात लोखंडी कपाट होतं आणि त्यात डांबरगोळ्यांच्या वासात साड्या निजलेल्या. दुपारी जरा आडवी झाली, की सुलोचनाला दिसायचं, शालू हळूच कपाटाबाहेर येतो, एसटीत खिडकीजवळ बसतो, कुठल्याशा अनोळखी मांडवात जरीचा पदर सावरत हिंडतो. त्या अर्धवट झोपेतच तिला सुचलं होतं, बायकांनी आपल्या साड्या एकमेकींना भाड्यानं द्याव्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं साऱ्या आळीला विचारलं. “छानच हाय वो!” सगळ्या म्हणाल्या. हातात वाण घेऊन नाही कोण म्हणणार? लग्नसराई लागली, पण एकही फिरकली नाही.

आर्वीची मामेबहीण कांता फोनवर खो खो हसली होती. “अवं, तुहा शालू साऱ्या आंजीच्या ओळखीचा. नेसली का म्हणतीन, सुलोचनाचा मांगून आणला!”

“अन् आर्वीत?”

“आर्वीत त्याले कोण ओळखते?”

त्यावरूनच आजचं भांडण पेटलं होतं. दुसऱ्या दिवशी सुलोचनानं शालू जुन्या लुगड्यात गुंडाळला, मांडीवर घेतला आणि आर्वीची एसटी धरली. कांताच्या शेजारणीनं तो भावाच्या लग्नात मिरवला.

शालू परत आला तो मोगऱ्याच्या वासाचा. घडी परक्या हाताची, निऱ्यांत अक्षतांचे दोन दाणे अडकलेले. सुलोचना कितीतरी वेळ तो नाकाशी धरून बसली. सोबत भाडं होतं, आणि कांताची मोरपंखी पैठणी.

पैठणीचा फोटो तिनं मोबाईलवर स्टेटसला टाकला. दिवेलागणीला शेजारची देवकाबाई दारात हजर. हळदीकुंकवाला ‘छान’ म्हणून गेलेली हीच.

“कोणाची हाय वो?”

“आर्वीची.”

“मंग दे. भाडं आत्ताच घे.”

ती गेल्यावर सुलोचनानं भाजी वाढली. कैलास आणि गुंजन जेवत होते.

“उद्यापासून तुमचे दोघाइचे कपडे दिवाणात राहतीन,” ती म्हणाली. “कपाट मले लागते.”