अंधारात सापडलेली मांडी

सरकीचा वास आला की मला अजून चेटकिणी आठवतात. कारंज्याला कापसाच्या जिनिंगच्या गोदामात, भर दुपारी खिडक्यांना गोणपाट ठोकून, त्यांचा सिनेमा दाखवला होता. गोष्ट मुलांच्या पुस्तकातलीच. तरी फेटा बांधलेल्या मॅनेजरने "कमजोर काळजाच्यांनी बाहेर जावं" असं गंभीरपणे बजावलं. जागा जाईल म्हणून कोणी उठलं नाही.

पडद्यावरच्या चेटकिणीने एका पोराची सावली कात्रीने कापली, आणि सहा वर्षांची मी अंधारात सापडली त्या मांडीवर चढले. रीळ बदलायला दिवा लागला. मांडी गंगाकाकूंची होती. त्यांची नजर लागते म्हणून गल्लीतल्या आया मुलांना पदराआड घेत, माझी आईसुद्धा.

बायकांच्या माना वळल्या. काकूंनी हात काढून घेतले. "घे माय, तुई पोरगी."

आई जागची हलली नाही. "राहू द्या जी. तिले भेव वाटत नाई, तं मले काहून वाटावं?"

तेव्हा मला वाटलं, आईला उठायचा कंटाळा आला. आज वाटतं, त्या गोदामात खरं काळीज तिलाच लागलं. दिवा विझला, काकूंचे हात हळूच परत आले. चेटकिणीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मी झोपले होते.