आवाज नसलेलं बटण

मित्रांनो, चौसाळ्यात घरी बसून मोबाईल ॲपसाठी बटणं बनवणारा मी एकटाच हाय. आठवडाभर घासलेलं एक हिरवं बटण आज दुपारी पूर्ण झालं. टीमला पाठवलं. उत्तरात नुसतं अंगठ्याचं चिन्ह आलं.

कुणाला तरी दाखवावं म्हणून फोन घेऊन शेतात वडिलांकडं गेलतो. विहिरीच्या मोटारीचा स्टार्टर धरतात तसं अण्णांनी ते बटण दाबून धरलं आन् विहिरीकडं कान लावला.

"आवाज कावून येत न्हाई रं?"

"अण्णा, ह्याला आवाज नसतो."

"मंग चालू झालं हे तुला कोण सांगतं?"

अण्णांचा अंगठा अजून बटणावरच होता.

गड्यांनो, तुमचं काम झाल्यावर पलीकडून कुणाचा आवाज येतो का?