पांढरं पडलेलं सोनं

ती घटना आठवली की आजही तो टेबल आधी दिसतो. सोन्याचे दोन ढीग, एक पिवळा, एक पांढरा. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी नाशिकच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

मळ्यात फुलं आणि भाजीपाला पिकवणारे एक गृहस्थ सकाळी फिर्याद घेऊन आले. म्हणाले, ‘‘सायेब, सुनेच्या अंगावरचं सोनं पांढरं पडलंय. खरं भावाला दिलं आन् खोटं घालून फिरती. तिला आज माहेरी धाडतोय. पन सोनं पायजे.’’ त्यांच्या शेजाऱ्याने सुनेच्या भावाला सराफाच्या दुकानातून बाहेर पडताना पाहिलं होतं. एवढी खबर मला पुरेशी वाटली.

निफाडहून भावाला आणलं. त्याचं उत्तर एकच होतं, बायकोचे पैंजण सांधायला दिले होते. दुपारपर्यंत तो बधला नाही. शेवटी म्हणाला, ‘‘ताईचं सोनं इकण्यापरीस मी बाग इकीन.’’ सराफाकडे चौकशी केली, तर पैंजणाचं खरं निघालं.

सून मात्र ‘मला ठाऊक नाही’ यापुढे काही सांगेना. चेहरा गोरा, पण सुजलेला. जबाबावर सही करताना हात थरथरत होता. मी ती भीती समजलो.

गोष्टी वेगळ्या करून मांडल्याशिवाय मला विचार करता येत नाही. पंचांसमोर सगळे दागिने उतरवून घेतले. पांढऱ्या ढिगात चमकी, मंगळसूत्राच्या वाट्या आणि उजव्या हातातली अंगठी. पिवळ्या ढिगात पाटल्या, डाव्या हातातली अंगठी आणि पेटीतला हार. चमकी तर लहानपणी नाक टोचल्यापासूनची. ती कोण बदलेल, आणि कशाला? पंच म्हणून बोलावलेल्या सराफाने वाट्या कसोटीवर घासल्या. पांढऱ्या थराखाली चोख सोनं होतं.

म्हणजे चोरी नव्हती. मग पोलिसांनी शोधायचं काय? दागिने परत घालून द्यायला महिला कॉन्स्टेबलला सांगितलं. चमकी घालता घालता ती थांबली.

‘‘साहेब, नाक, गळा आणि उजव्या हाताची बोटं, एवढ्याच ठिकाणचं सोनं पांढरं झालंय. ही तोंडा-गळ्याला काय लावते ते विचारू?’’

तेव्हा सून रडत रडत सांगायला लागली. दारावर बांगड्या विकायला येणाऱ्या बाईकडून घेतलेली, नाव-गाव नसलेली मलमाची डबी पिठाच्या डब्यामागे होती. लग्न ठरवताना सासरे म्हणाले होते, पोरगी चांगली, रंग जरा कमी. तेव्हापासून ती रोज ते मलम लावत होती.

मी विचारलं, ‘‘मग सांगितलं का नाही?’’

‘‘सोनं खोटं म्हणून घरातून काढतच होते, साहेब. रंगही खोटा म्हणाले असते तर?’’

प्रयोगशाळेने कळवलं, मलमात पारा आहे. तो सोन्यावर चढून ते पांढरं करतो आणि कातडीतून अंगातही जातो. सिव्हिलच्या डॉक्टरांनी सांगितलं, सूज मूत्रपिंडाची आहे, थरथर पाऱ्याची, आणि अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. मलम बंद झालं, उपचार सुरू झाले. ती बांगडीवाली पुन्हा कुणाला दिसली नाही. तिला तरी डबीत काय आहे ते ठाऊक होतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

गुन्हेगार, घाबरलेला आणि आजारी माणूस चौकशीत सारखेच दिसतात, हे मी शिकलो. पुढे कुणाचा हात थरथरताना दिसला की मी आधी तब्येत विचारायचो.

काही महिन्यांनी ती सासऱ्यांबरोबर ठाण्यात आली. सूज उतरली होती, रंग मूळचा झाला होता. सासरे म्हणाले, सोनं उजळून घेतलं. नाकातली चमकी मात्र पांढरीच होती. मी विचारलं, ही राहिली का?

तिने सासऱ्यांकडे बघितलं. ‘‘राहू दिली, साहेब. घरात परत कुणी रंगाचा विषय काढला तर मला बोलावं लागणार नाही, ही दिसेल.’’