रिकामे हात

बागेतल्या ताई-ची या संथ चिनी व्यायामाच्या वर्गात बाबा आज पहिल्यांदाच उभे राहिले. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, रक्तदाबाची गोळीही घेऊन झाली होती, तरी मी बाकाच्या कडेवर अवघडून बसलो होतो.

हात वर नेताना बाबांनी श्वास रोखून धरला. चेहरा लाल झाला. बाजारात पोती उचलून त्यांनी मला कॉलेजपर्यंत शिकवलं. उचलण्याची ती रीत अजून अंगात आहे. ओझं उतरल्याचं शरीराला किती उशिरा कळतं!

"काका, श्वास सोडा," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "हातात काही नाहीये."

बाबांनी तळव्यांकडे पाहिलं. "खरंच की," ते हसले आणि त्यांनी सावकाश श्वास सोडला.

तेव्हा कुठे मीही बाकाला पाठ टेकली.