चुन्याचे बाण

काल सकाळी आमच्या गल्लीत पाइपलाइनच्या कामासाठी दोन माणसं फक्कीची रेघ मारत होती. साधी पांढरी रेघ... पण ती आमच्या फाटकापर्यंत आली आणि मी दोन पावलं मागे सरले.

नवरा म्हणाला, "अगं, चुना आहे तो, साप नाही." त्याला काय सांगणार... म्हणून इथे लिहितेय.

गोष्ट आम्ही मंचरला राहायचो तेव्हाची, दोन हजार सालानंतरच्या एखाद्या वर्षातली. माझा भाऊ महेश आणि त्याचे दोन मित्र गिअरच्या सायकली घेऊन डोंगरवाटा पालथ्या घालायचे. मी भित्री भागूबाई त्यांच्या मागे. मागे एकटी राहिले तर बिबट्या नेईल, या एकाच भीतीने मी चढावर दमायची नाही.

घोडेगावच्या बाजूची एक टेकडी आमची फार लाडकी होती. तिची एक कड मुरमासाठी जेसीबीने खाल्ली होती, आणि दर उन्हाळ्यात कुणीतरी गवत पेटवून द्यायचं. महेशच्या डोक्यात आलं की गावाने हे दोन्ही बंद करावं, त्या वाटेवर दरवर्षी सायकलींची रेस ठेवावी. चार माणसं बाहेरून येतील, गावालाही डोंगराची किंमत कळेल. सरपंच म्हणाले, ग्रामसभेत या आणि बोला.

झालं! लोकांना वाट नीट दाखवता यावी म्हणून आदल्या रविवारी आम्ही चुन्याची बादली घेऊन वर गेलो. प्रत्येक वळणावर दगडावर बाण काढला आणि खाली नंबर टाकला... कुणी पडलं तर कुठे पडलं ते सांगता यावं म्हणून. शेवटचा बाण हौसाबाईंच्या घरामागच्या बांधावर. त्यांच्याकडे आम्ही नेहमी पाणी प्यायचो. त्या दिवशी घराला कुलूप होतं, नाहीतर विचारलं असतं.

ग्रामसभेच्या दिवशी संध्याकाळी पोचलो तर जिथे सभा भरायची त्या देवळात कुणीच नव्हतं. सगळं गाव रस्त्यावर उभं होतं. एरवी "या पावणं" म्हणणारी माणसं त्या दिवशी वाट अडवून होती. एकाने पुढे येऊन महेशच्या सायकलचं हँडल धरलं.

शेतातून परतलेल्या बायकांच्या हातात विळे होते. शेतातून आल्यात, विळे असणारच, मी मनाला समजावत होते... पण कुणीच विळा खाली ठेवत नव्हतं.

"मोजणी करायला कुणी धाडलं तुमाला? कुठल्या हापिसातून आलाय?"

महेश हसला. घाबरला की तो हसतो, हे आमच्या घरात माहीत आहे, त्यांना कसं असणार... "हसतो काय राव?" मागून कुणीतरी म्हणालं आणि गर्दी एक पाऊल पुढे आली. मला वाटलं, आता काही आपण घरी जात नाही.

तेवढ्यात गर्दीतून हौसाबाई पुढे आल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती. मला वाटलं, रागाने.

"पोरी, खरं सांग. पानी कुठवर येनार हाये?"

मला काही कळेना. पाणी? कसलं पाणी?

मग हँडल धरलेल्या माणसानेच सांगितलं. हौसाबाईंचं आधीचं गाव धरणात गेलं होतं. तिथेही आधी दगडांवर अशाच पांढऱ्या खुणा आणि नंबर आले. मग घरांच्या भिंतींवर. मग पाणी.

मी त्यांच्या घराकडे बघितलं. अंगणात बोचकी बांधून ठेवलेली होती, हंडे-कळश्या बाहेर काढलेल्या. आमचा बाण बघितल्यापासून त्यांनी घर आवरायला घेतलं होतं... दुसऱ्यांदा.

"मावशी, आम्ही कुठल्या ऑफिसचे नाही. सायकलीच्या वाटेच्या खुणा आहेत त्या," मी म्हटलं. त्यांनी मनगट सोडलं नाही. कशाला विश्वास ठेवतील? तेव्हाचे लोकही गोडच बोलले असणार.

मग मला एकच सुचलं. त्यांच्याच अंगणातला काथ्या आणि कळशी घेतली आणि बांधावरचा बाण घासायला बसले. महेश आणि त्याचे मित्रही आले. तो बाण गेल्यावर वरचे पुसायला निघालो, तर गावही मागोमाग निघालं. दिवस मावळत होता. पुढे बिबट्याची भीती, मागे माणसांची... थांबायचीही हिंमत नव्हती.

एका वळणावर शेजारी घासल्याचा आवाज आला. हौसाबाई बसल्या होत्या, मूठभर गवत घेऊन. एक दगड झाला की विचारायच्या, "अजून कुठं हाये?" सगळं संपून खाली आलो तरी विचारत होत्या, "एकबी ऱ्हायला न्हाई ना?"

पुढच्या ग्रामसभेत मुरूम काढणं बंद करायला पहिला हात त्यांनी वर केला. "डोंगर आपला हाये, ह्ये आपुनच म्हनाया पायजे," एवढंच बोलल्या. वाटेच्या खुणा मग गावानेच केल्या, गुराखी करतात तशा... दगडावर दगड ठेवून. तशा खुणांना कुणी घाबरत नाही.

नंतर कितीतरी वेळा त्यांच्याकडे पाणी प्यायले. बोचकी सोडून सामान पुन्हा जागेवर लागलं होतं. एक बोचकं मात्र खुंटीला तसंच बांधलेलं असायचं. त्याबद्दल विचारायचा मला कधी धीर झाला नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी विळा न उचलता माझा हात धरला, याचे आभार मानायचे राहूनच गेले.

काल मी फाटकाबाहेर जाऊन त्या माणसाला विचारलं, "दादा, रेघ कुठवर येणार आहे?" तो म्हणाला, "बाहेरूनच जाणार, मॅडम."

मी पुन्हा एकदा विचारलं.