सर्जेरावांचा हर्निया

जालन्याच्या चंदनझिऱ्यात सर्जेरावांना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. केदारखेड्याचे सर्जेराव तरुणपणी जालन्याला आले, एमआयडीसीत सळया बनवणाऱ्या मिलमध्ये भट्टीवर लागले आणि तिथूनच रिटायर झाले. भट्टीच्या धगीनं माणसं अबोल होतात म्हणे. यांचं उलटंच झालं. लग्न असो, नामकरण असो की मृत्यूनंतरचं पुण्यानुमोदन, सर्जेराव बोलायला उभे राहिले की लोक सतरंजीवर मांडी सैल करून घ्यायचे, कारण आता लवकर सुटका नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

त्यांचं सांगणं मात्र नेहमी एकच. "कोणतीबी रीत दारात आली की तिला इचारा, बाई, तू कामून आलीस? बराबर जबाब दिला तर घरात घ्या, न्हाई दिला तर वाटेला लावा."

गिरिजाबाई, म्हणजे त्यांची बायको, हे भाषण इतक्यांदा ऐकून बसली होती की शेजारणींना सांगायची, "मी तर भाजीत मीठ टाकायच्या आधी मिठालाबी इचारते, तू कामून आलं म्हणून. न्हाईतर आमच्या घरात जेवण खपत न्हाई."

या सगळ्या दारूगोळ्याला पुरून उरलेला एकच माणूस होता, खाजाभाई. दोघं एकाच भट्टीवर, एकाच पाळीत राबलेले. घरंही एका गल्लीच्या अंतरावर. खाजाभाई भेटले की "जय भीम, भाऊ" म्हणणार, सर्जेराव "सलाम, मियाँ" म्हणणार, आणि चहा यायच्या आत भांडण सुरू. भांडायला विषय शंभर होते, पण सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत लाडका विषय सुंतेचा.

त्याला सुरुवात झाली ती खाजाभाईंच्या थोरल्याच्या, सलीमच्या सुंतेपासून. सर्जेरावांना आग्रहाचं बोलावणं होतं. नवे कपडे, गळ्यात हार, बाहेर बँड, आणि आत ते एवढंसं पोर हंबरडा फोडतंय, हे त्यांनी पाहिलं आणि त्यांचं मन विटलं. बिर्याणी दोनदा घेतली, ती गोष्ट वेगळी. दुसऱ्या दिवशी भट्टीवर त्यांनी खाजाभाईंना गाठलं.

"खाजा, लेकराला इचारलं व्हतं का? आंग त्याचं, कातडी त्याची, अन् ठरवणार तू?"

"अन् तुझ्या प्रीतीचे कान टोचले तव्हा?" खाजाभाई म्हणाले. "पोरीनं रडून गल्ली गोळा केल्ती. तव्हा कुठं गेल्ता तुझा सवाल?"

सर्जेराव तसेच भट्टीकडं वळले. घरी येऊन त्यांनी गिरिजाबाईशी उगाचच तंटा केला. पण हार मानतील तर ते सर्जेराव कसले? पुढच्या पाळीला नवा मुद्दा घेऊन हजर. कानाचं भोक बुजतं, कातडी काही परत येत नाही. त्यावर खाजाभाई म्हणायचे, "माझ्या आज्याची, माझ्या बापाची, माझी, सगळ्यांची ही एकच खूण हाय. मी फायदा-तोटा बघून न्हाई करत, इमानानं करतो." सर्जेराव म्हणायचे, "इमान तुझं, अन् ब्लेड त्याला?" असं वर्षानुवर्षं चाललं. मिलमधली पोरं त्या वादाला टीव्हीवरची मालिका म्हणायची.

आणि मग सर्जेरावांना शुगर निघाली.

शुगर काय, अर्ध्या गल्लीला होती. पण सर्जेरावांची शुगर नको त्या जागी जाऊन बसली. आग व्हायची, कातडी चिरायची, भरून यायची, पुन्हा चिरायची. लाजेपायी त्यांनी कुणाला सांगितलं नाही. अंगात ताप भरला तेव्हा गिरिजाबाईनं खडसावून विचारलं आणि ओढतच दवाखान्यात नेलं. तिथं दुसरीच पंचाईत. डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई, डॉक्टर अंतरा. सर्जेराव आल्या पावली परत फिरले होते, पण गिरिजाबाई दारात उभी होती.

डॉक्टरीणबाईंनी आधी मलम दिलं, गोळ्या दिल्या, भात-साखर बंद केली. दोन महिने वाट पाहिली. मग एके दिवशी शांतपणे म्हणाल्या, "काका, कातडी आवळून गेली आहे. आता ती काढावीच लागेल. सुंता म्हणतात ना, तेच."

सर्जेरावांना खुर्ची हलल्यासारखी वाटली. त्यांनी घसा खाकरला. "बाई, मला खरं सांगा. ही समद्यांना गरजेची असती का?"

"नाही हो. ज्याला त्रास नाही त्याच्यासाठी करा म्हणणारे डॉक्टर आहेत, करू नका म्हणणारेही आहेत. त्यांचे वाद चालूच असतात. पण तुम्हाला तपासलं तर दोघांचंही एकमत होईल," बाई हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "आणखी थांबलात तर लघवी अडेल. मग मध्यरात्री धावत यावं लागेल."

थांबू नका म्हटलं तरी सर्जेराव थांबलेच. दुखण्याची भीती नव्हती, भट्टीवर हातपाय भाजून घेतलेला माणूस तो. भीती होती ती खाजाभाईंची. जन्मभर ज्याला 'कातडी कापायची न्हाई' म्हणून सुनावलं, त्याच्यापुढं आता कोणतं तोंड घेऊन जायचं? खाजा हसेल. हसला तर एक वेळ चालेल, पण 'बघ, मी काय म्हणत होतो' म्हणाला तर? तेवढ्या एका वाक्यासाठी सर्जेराव दुखणं अंगावर काढत राहिले. शहाणा माणूस हट्टाला पेटला की त्याला वेड्याचीही सर येत नाही.

"खाजाभाऊला सांगा की," गिरिजाबाई म्हणाली. "त्यांच्या घरात समद्यांचं झाल्यालं हाय. चार अनुभवाच्या गोष्टी सांगतील."

"मेलो तरी न्हाई."

"मराल ना, असंच केलं तर."

शेवटी एका सकाळी खरंच लघवी अडू लागली आणि हट्टाचं पाणी झालं. ऑपरेशनच्या आधी सही करायचा कागद पुढं आला. सर्जेरावांनी प्रत्येक ओळ वाचली, प्रत्येक ओळीवर शंका काढली, आणि डॉक्टरीणबाईंनी एकही शंका टाळली नाही. सही करताना त्यांना फार बरं वाटलं. आपल्या अंगाचं काय करायचं हे कुणीतरी इतकं बसून, इतकं मान देऊन विचारतंय, याचंच त्यांना अप्रूप वाटलं.

गल्लीत मात्र 'हर्निया' सांगायचं ठरलं. केदारखेड्यालाही हर्नियाच कळवला. इथंच घोटाळा झाला. सर्जेरावांचा चुलतभाऊ पुंजाराम, याचं हर्नियाचं खरंखुरं ऑपरेशन भोकरदनला झालेलं. जोडीदार मिळाल्याच्या आनंदात तो सकाळच्या पहिल्या गाडीनं येऊन थडकला.

"दादा, टाके किती पडले?"

"मोजले न्हाईत."

"माझे बघा," म्हणून पुंजारामनं सदरा वर केला. गिरिजाबाई पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली. "आता तुमचे दाखवा. डाव्या अंगाला का उजव्या?"

"मधी," सर्जेराव म्हणाले. दुसरं सुचलंच नाही.

"मधी? मधी हर्निया कसा व्हईल? दाखवा, दाखवा, मला समजतं त्यातलं," म्हणत पुंजाराम पुढं सरकला. सर्जेराव घाबरून उठले आणि आतल्या खोलीकडं निघाले. नेमके त्याच वेळी दारात खाजाभाई उभे, हातात मोसंब्यांची पिशवी.

आता नुकतीच सुंता झालेल्या माणसाची एक चाल असते. लुंगी पुढून दोन बोटांच्या चिमटीत धरायची, अंगापासून दूर ठेवायची, आणि पाय फाकवून, पाण्यात चालल्यासारखं जपून पाऊल टाकायचं. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या सुंता झाल्या त्या घरातलं शेंबडं पोरही ही चाल गल्लीच्या टोकावरून ओळखतं. साऱ्या जगाला हर्निया सांगताना सर्जेराव हे विसरले होते.

खाजाभाईंनी त्या चालीकडं पाहिलं. मग चिमटीतल्या लुंगीकडं पाहिलं. मग बराच वेळ वर पत्र्याकडं पाहिलं. त्यांच्या दाढीचे केस थरथरत होते.

"बघा ना खाजाभाई," पुंजाराम म्हणाला, "दादा टाके दाखवून न्हाई राह्यले."

"अरे, गजब करतो का?" खाजाभाई एकदम गंभीर झाले. "हा हर्निया अलग हाय. याच्याकडं बघायचं बिलकुल नसतं. नजर लागती."

ज्यांनी आयुष्यभर लिंबू-मिरच्यांवर भाषणं ठोकली, ते सर्जेराव चौकट धरून उभे होते. त्यांनी मान हलवली. "व्हय पुंजाराम," ते म्हणाले. "नजर लागती."

पुंजाराम दुपारच्या गाडीनं परत गेला. तो जाईपर्यंत खाजाभाईंनी कसा दम धरला ते त्यांचं त्यांना ठाऊक. दार लागताच ते खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. आतून गिरिजाबाई हसत आली. सर्जेराव आधी फुगून बसले, मग त्यांनाही आवरेना.

"हसवू नको रे खाजा, टाके ताणतात!"

"मधी हर्निया!" खाजाभाई म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले.

पण 'बघ, मी काय म्हणत होतो' हे वाक्य काही आलं नाही. उलट खाजाभाई उठले, चादरीला मधोमध सुतळी बांधली आणि ती वरच्या खिळ्याला अडकवून अंथरुणावर तंबू उभा केला, म्हणजे रात्री कापड घासायला नको. आमच्याकडं असंच करतात, म्हणाले. दुसऱ्या दिवशी डबाभर मलिदा आणला, तूप-गुळात कुस्करलेली पोळी. सुंता झाल्यावर मलिदा पायजेच, असं त्यांचं म्हणणं. गिरिजाबाईनं नवऱ्याला चमचाभर दिला, बाकीचा शुगरच्या नावानं काढून घेतला, आणि तो खाजाभाईंनीच आवडीनं संपवला.

जखम भरली. ताप गेला, आग गेली. सर्जेराव पहिल्यासारखे ताठ चालू लागले. पण बोलेनात. खाजाभाई येऊन मुद्दाम खोड काढायचे, उपासाचे फायदे सांगायचे, कुठल्या तरी दर्ग्याच्या पाण्याचा गुण सांगायचे, आणि सर्जेराव नुसते म्हणायचे, "असंल बाबा. तू म्हणतो तसं असंल."

 जन्माची जोड अशी डोळ्यांदेखत मुकी झालेली खाजाभाईंना सोसवेना. एका संध्याकाळी ते आले ते सलाम न करताच बसले.

"सर्ज्या, भांड माझ्याशी."

"कशावर?"

"सलीमचं पोरगं दोन वर्षांचं झालं. घरची म्हणती, सुंता करणाऱ्या नेहमीच्या उस्तादला बोलव अन् जल्दी उरकून टाक. सलीम म्हणतो, अब्बा, थांबा. घरात मी काहीबी बोललो की सगळे मान हलवतात. मला समोरून 'न्हाई' म्हणणारा कोणी पायजे, त्याशिवाय मला माझंच खरं कळत न्हाई."

सर्जेराव खाली बघत म्हणाले, "मी कोणत्या तोंडानं बोलू? माझंच झालं आता."

"तुझं गरजेपायी झालं. कातडी गेली लेका तुझी. जीभ तर शाबूत हाय ना?"

सर्जेरावांनी मान वर केली. स्वयंपाकघरात गिरिजाबाईचा हात चहाच्या पातेल्यावर थांबला.

"मंग ऐक," सर्जेराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज भट्टीवरच्यासारखा निघाला. "मला त्या बाईनं बसून समजावलं. सही घेतली. सुन्न केलं. तरीबी दुसऱ्या दिवशी मी रडलो, गिरिजाला इचार. मी म्हातारा माणूस, मला कळत होतं कामून दुखतंय. तुझ्या नातवाला काय कळणार? त्याला औषध म्हणून याची गरज न्हाई. हे मी पहिलेबी म्हणत होतो, अन् कापून घेऊनबी म्हणतो."

"अन् माझं इमान?"

"त्याला मी हात लावत न्हाई. पण ते तुझं हाय. त्याचं त्याला येऊ दे की."

खाजाभाई दाढी कुरवाळत बसले. चहा आला. त्यांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"सुंता तर व्हणार, सर्ज्या. ते मी सोडणार न्हाई. पण उस्ताद न्हाई, तुझी डॉक्टरीणबाई. सुन्न करून. अन् आता न्हाई. त्याला बोललेलं समजायला लागलं की त्याला सांगून, इचारून."

"अन् न्हाई म्हणला तर?"

"तर मी समजावीन."

"मंग मी त्याच्या बाजूनं बसणार. सांगून ठेवतो."

"बस," खाजाभाई म्हणाले. "तेच सांगायला आल्तो. कुणीतरी त्याच्या बाजूनं बसायला पायजे, अन् मी त्याचा आजा हाय, मला ते जमायचं न्हाई."

 सर्जेरावांनी खाजाभाईंचा हात धरला, आणि चहा निवून गेला तरी सोडला नाही.