रोज सकाळी लॉगिन करणारं कोणीतरी

आमच्या वारज्याच्या कॉलेजात वायफाय सांभाळणारे सर एकदा स्टाफरूममध्ये आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, सरांच्या नावाने रोज सकाळी कोणीतरी लॉगिन करतंय."

सर म्हणजे माझे यजमान. त्याच कॉलेजात भूगोल शिकवायचे. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि त्यांचं लॉगिन बंद करायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

मला संशय घ्यायला निमित्तच लागतं. दूधवाल्याचं मापही मी अजून वाकून बघते. "असं होतंच कसं?" मी विचारलं. त्यांनी समजावलं. घरच्या वायफायला सगळ्यांचा एकच पासवर्ड असतो. इथे प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. फोन एकदा ते लक्षात ठेवतो आणि आवारात आला की आपणहून सर्व्हरला कळवतो. सर्व्हर यादीशी ताडून बघतो आणि आत घेतो.

"फोन कोणाच्या हातात आहे, ते नाही बघत?"

"नाही, मॅडम. पासवर्ड जुळला की झालं."

"म्हणजे आमच्या सोसायटीचा वॉचमनच म्हणा की!"

यांची खोड मला ठाऊक होती. प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले की चहा-पोह्यांबरोबर हे स्वतःचा पासवर्डही देऊन टाकायचे. पाहुण्याला वायफायसाठी अर्ज करायला लावणं यांना कसंतरीच वाटे. पण परीक्षक काही रोज येत नाहीत. रोज येते ती यांच्या खुर्चीवर आता बसणारी नवी प्राध्यापिका. टेबल घेतलं, कपाट घेतलं, मग पासवर्ड का सोडेल? त्या लॉगिनवरून कोणी नसते उद्योग केले तर नाव यांचं जाणार, आणि खुलासा द्यायला हे नाहीत. कॉलेजचा खडूसुद्धा कधी घरी न आणलेला माणूस! माझा नुसता संताप होत होता.

"सगळ्यांचे फोन तपासा," मी भर स्टाफरूममध्ये म्हटलं, तिच्याकडे बघतच.

तिने शांतपणे फोन पुढे केला. त्यात तिचंच नाव होतं. "आता आपलाही दाखवा की, मॅडम. नियम सगळ्यांना सारखा."

मी तोऱ्यात फोन दिला. वायफायच्या सरांनी सेटिंग उघडलं. मग त्यांनी स्क्रीन माझ्यापुढे धरली. युजरनेमच्या जागी यांचं नाव होतं.

हा फोन यांनीच मला सुरू करून दिला होता. माझा पासवर्ड मला आठवला नसणार, आणि "राहू दे, माझा टाकतो" म्हणून हे मोकळे झाले असणार. तेव्हापासून मी फाटकातून आत आले की पर्समधला फोन यांचं नाव सांगत होता.

"बंद करावं लागेल, मॅडम."

"करा," मी म्हटलं.

फोनने नाव विचारलं. मी माझं टाकलं. वर्षभर जो तो विचारायचा, एकट्या कशा राहता, आणि मी ठसक्यात म्हणायची, सवय झाली. खरी एकटी मी त्या दिवशी झाले. सगळ्यांसमोर मला रडू फुटलं, आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली ती तीच.